गाळलं, पण गेलं कुठं?

साफ झालेल्या पाण्याची बाटली खिडकीच्या उजेडात धरायची, डावा डोळा मिटायचा आणि निरखायचं. मग बाटली ओट्यावर ठेवताना, समोर कुणी असो वा नसो, म्हणायचं, "गाळलं. पण गेलं कुठं?"

आमच्या प्लांटवरच्या जिज्जींची ही रोजची सकाळ. जिज्जी म्हणजे बुंदेलीत थोरली बहीण. साहेबांपासून फाटकावरच्या चौकीदारापर्यंत सगळे त्यांना जिज्जीच म्हणायचे. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही.

प्लांट म्हणजे झाशीच्या कडेला असलेलं सांडपाणी साफ करायचं केंद्र. शहरातल्या मोऱ्यांचं, न्हाण्यांचं, संडासांचं पाणी तिथं येतं, जाळ्यांमधून आणि हौदांमधून फिरतं, आणि दुसऱ्या टोकाला नितळ होऊन नाल्यात पडतं. नाला पुढं नदीला मिळतो. जिज्जी तिथल्या प्रयोगशाळेत होत्या. मी पंपावर. मी अजून आहे.

प्रयोगशाळा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं काही मोठं आलं असेल तर ते आधी पुसून टाका. एक खोली, एक ओटा, एक जुना मायक्रोस्कोप आणि भिंतीत एक कपाट. त्या कपाटाला जिज्जी 'फडताळ' म्हणायच्या. हा शब्द आमच्या परभणीकडंही आता फारसा कुणी बोलत नाही.

मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. एका ठेकेदाराबरोबर पंप बसवायला इथं आलो आणि राहून गेलो. सुरुवातीला मला कशाचीही भीती वाटायची. हिंदी बोलताना चुकेल याची, पंप बंद पडेल याची, ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल याची. एकदा पंपघराच्या मागं उभा राहून आईशी फोनवर बोलत होतो. "जेवलो गं. भाकरी कुठली इथं? हो, अंगावर घेतो. नको रडू," असं चाललं होतं. फोन ठेवला तर मागून आवाज आला.

"तू आपल्यांतला का रे?"

वळून पाहिलं तर चष्मा कपाळावर चढवलेल्या, हातात रिकामी बाटली घेतलेल्या जिज्जी. परक्या मुलखात आपली भाषा अशी पाठीमागून ऐकू आली की काय होतं, हे ज्यांनी घर सोडलंय त्यांना सांगायला नको. मी बाहीनं डोळे पुसले.

"अरे, रडतोस काय? चल, चाय पी."

त्यांचे पूर्वज कधीकाळी कारकुनी करायला दक्षिणेतून इकडं आले आणि इथलेच झाले. जिज्जी उभ्या आयुष्यात महाराष्ट्रात एकदाच गेल्या होत्या, पुण्याला, एका लग्नाला. "तिथं भाजीवालाही मराठी, रिक्षावालाही मराठी! मला तर बाबा कसंसंच झालं. घरातली गोष्ट सगळ्या रस्त्याला ठाऊक असल्यासारखी." त्यांची मराठी निम्मी जुनी आणि निम्मी हिंदी. "फडताळातून ती शीशी निकाल ना जरा," असं. त्यांचा मुलगा मराठी समजायचा, पण उत्तर हिंदीत द्यायचा. त्यामुळं बोलायला त्यांना मी सापडलो आणि मला त्या. खोली त्यांनीच बघून दिली. ताप आला तेव्हा मऊ भात आणि लिंबाचं लोणचं डब्यातून आलं. पहिल्या थंडीत रजई आली. मी या शहरात टिकलो तो त्यांच्यामुळं, हे मी कुणापुढंही सांगेन.

रविवारी कधीकधी त्यांच्या घरी जायचो, बडा बाजारच्या मागच्या गल्लीत. नळाला पाणी आलं की हंड्याच्या तोंडावर पांढऱ्या सुती कापडाची चौपदरी घडी घालून त्या पाणी गाळायच्या. मग ते कापड अंगणातल्या तुळशीवर उलटं धरून त्यावर तांब्याभर पाणी ओतायच्या, म्हणजे कापडावर राहिलेलं सगळं तुळशीच्या मातीत. त्यांच्या आईनं घालून दिलेला नेम होता. गाळलेलं मोरीत टाकायचं नाही, मातीला द्यायचं.

"गाळलं, पण गेलं कुठं?" त्या मला मास्तरणीसारख्या विचारायच्या.

"मातीत," मी म्हणायचो.

"शाब्बास. माती सगळं पचवते."

म्हणजे तेव्हा त्या प्रश्नाला उत्तर होतं. हे लक्षात ठेवा.

प्लांटवरही त्यांनी तेच केलं होतं. पाण्यातून निघालेला गाळ वाफ्यांमध्ये वाळवतात, त्याची काळी ढेपळं होतात. पूर्वी ती नाल्याच्या काठावर नुसती ओतून द्यायचे. जिज्जींनी साहेबांशी भांडून ते बंद करवलं आणि खालच्या अंगाला शेती करणाऱ्या एका म्हाताऱ्याला गाठलं. त्यांना सगळे कक्का म्हणायचे. नदीच्या उताराला त्यांचा तुकडा होता, त्यात भटे लावायचे. भटे म्हणजे वांगी.

"ले जाओ कक्का, सोना है सोना," जिज्जी म्हणाल्या होत्या. कक्का ट्रॉली भरून न्यायला लागले. वांगी अशी धरली की मंडईत लोक कक्कांना विचारायचे, काय घालता? कक्का सांगायचे, "जिज्जी को सोनो." आणि दर तोड्याला गमछ्यात बांधून चार-पाच भटे प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवून जायचे. आत येत नसत. "पांव गंदे हैं," म्हणायचे. सांडपाण्याच्या प्लांटवर!

मायक्रोस्कोपखाली गाळाचा थेंब ठेवला की त्यात बारीक जीव वळवळताना दिसतात. घाण खाऊन पाणी साफ करतात ते हेच. जिज्जी त्यांना 'मंडळी' म्हणायच्या. "मंडळी जेवायला बसलीत, हळू बोल." किंवा, "आज मंडळी सुस्त आहेत. शहरात कुणीतरी काहीतरी ओतलंय." एकदा मलाही दाखवलं. मला मंडळी दिसलीच, पण मध्ये एक निळा, वळलेला धागाही दिसला. मी म्हटलं, "जिज्जी, हा कोण?"

"हा तुझा शर्ट," त्या चिडून म्हणाल्या. "किती वेळा सांगू, वाकून बघताना बाही आवर. लव झडते. माझी स्लाइड खराब."

हे भांडण जुनं होतं. स्लाइडवर धागा दिसला की कुणाचा तरी शर्ट, कुणाची तरी ओढणी. त्या स्लाइड धुवायच्या, पुसायच्या, पुन्हा थेंब ठेवायच्या. पुन्हा धागा. मग एके दिवशी त्यांनी माझ्यासाठी पांढरा सुती सदरा आणला. "हा घालून यायचं माझ्या खोलीत. तो चमकणारा बाहेर खुंटीवर." स्वतःही सुती साडीवर सुती अंगरखा चढवला. पंखा बंद केला. मे महिन्यातल्या झाशीत पंखा बंद करणं म्हणजे काय, ते इथं राहिलेल्यांना विचारा. भांडी तीनदा धुतली. धुवायचं पाणीही आधी त्यांच्या त्या चौपदरी कापडातून गाळून घेतलं. मग थेंब ठेवला, डावा डोळा मिटला आणि पाहिलं.

धागे होतेच. निळा, लाल, एक काळा. आणि लख्ख हिरवा एक चुरा, बादलीच्या रंगाचा.

कापडाच्या बाबतीत जिज्जींना फसवणं सोपं नव्हतं. बडा बाजारात साडी घेताना त्या पदराच्या कडेचा धागा ओढायच्या आणि म्हणायच्या, "भैया, माचिस." धाग्याची राख झाली तर सूत, गोळा झाला तर नकली. दुकानदार त्यांना येताना पाहून म्हणायचे, "आ गईं आग लगाने वाली." त्या दिवशी त्यांनी तेच केलं. सुई लाल होईस्तोवर तापवली आणि मायक्रोस्कोपखालच्या त्या निळ्या धाग्याजवळ नेली. धागा आक्रसला, वळला आणि टोकाला मण्यासारखा गोळा झाला. दुसरा लावला, तोही तसाच.

जिज्जींनी सुई ओट्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "हे आपले नव्हेत रे. हे शहराचे आहेत."

कपडे धुताना झडतात, त्यांनी मला समजावलं. शर्ट, ब्लाउज, चादरी, ते मऊमऊ कंबल, सगळं आता प्लास्टिकच्याच सुताचं. प्रत्येक धुण्यात थोडं थोडं झडून मोरीतून आमच्याकडं येतं. मंडळी त्याला तोंड लावत नाहीत. थोडं पाण्याबरोबर नाल्यात निसटतं, बाकीचं बहुतेक गाळात बसतं.

"म्हणजे पाण्यातून निघतं ना?" मी आशेनं विचारलं.

"पाण्यातून निघतं," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कक्कांची ट्रॉली भरत होती.

साहेबांना सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी डोळा लावून पाहिलंही. "जिज्जी, आप सही कह रही हैं. पर इसकी जाँच हमसे कोई माँगता ही नहीं. मैं ऊपर क्या भेजूँ?" मग उठताना, "और गाळ नहीं उठा तो वाफे भर जाएँगे, प्लांट बंद." आमच्याबरोबर राहून राहून साहेबांच्या हिंदीतही 'गाळ' आणि 'वाफे' आले होते. त्यावर एरवी जिज्जी हसल्या असत्या.

प्लांट बंद म्हटल्यावर मला घर आठवलं. गावी आई, बायको, शाळेत जाणारी पोर. मी त्यांच्या मागंमागं प्रयोगशाळेत गेलो. "जिज्जी, कक्कांना कशाला सांगायचं? दिसत तर नाही कुणाला. वांगी चांगली येताहेत."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांनी माझ्या शब्दावर नेलं ना रे."

दुसऱ्या दिवशी आम्ही कक्कांच्या शेतावर गेलो. ऊन मी म्हणत होतं. कक्का नवी रोपं लावायला सरी ओढत होते. जिज्जी चप्पल काढून सरीत उतरल्या, एक ढेकूळ उचललं, फोडलं आणि हात उन्हात धरला. आधी काही दिसेना. मग मातीच्या कणांमध्ये केसाहून बारीक काहीतरी चमकलं, लाल.

"कक्का, ये प्लास्टिक है. मेरे सोने में है."

कक्कांनी तो हात आपल्या हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. "जिज्जी, तुमई ने तो कई हती कै माटी सब पचा लेत."

"कही थी. ग़लत कही थी. ये नहीं पचता. बारिश में बहकर नदी में जाएगा. मछली के पेट में जाएगा. भटे में कितना जाता है, मुझे मालूम नहीं. सच में मालूम नहीं."

कक्का सरीच्या कडेवर बसले. गमछ्यानं तोंड पुसलं. मला वाटलं आता शिव्या बसतील. पण ते एवढंच म्हणाले, "तो हम नईं लैहैं, तो तुम फेंकहौ कहाँ?"

आम्ही नेलं नाही तर टाकणार कुठं? जिज्जींचाच प्रश्न, बुंदेलीत. त्या मातीचा तो हात तसाच धरून उभ्या राहिल्या. झटकेनात. कुठं झटकणार?

त्यानंतर बरेच दिवस कक्का आले नाहीत. वाफ्यांच्या कडेला ढीग वाढत गेला. मग लांबच्या गावांच्या ट्रॉल्या यायला लागल्या. जिज्जी प्रत्येकाला फाटकात गाठून सांगायच्या, भाजीत घालू नका, नदीच्या बाजूला घालू नका. लोक हसायचे. "अरे अम्मा, मुफ़त की खाद है, तुम काए परेशान हो?" स्वच्छतेचं एवढं ऐकून एक जण तर म्हणाला, "साबुन बेच रई हो का?" त्या परत येऊन ओट्यापाशी बसायच्या. बाटली उजेडात धरायच्या, पण पुढचं वाक्य म्हणायच्या नाहीत. तुम्हाला सांगतो, रोज ऐकू येणारं वाक्य बंद झालं की खोली मोठी होते.

आणि एका सकाळी कक्का पुन्हा ट्रॉली घेऊन हजर.

"सब ले जा रए. हम ना लें तो का नदिया बच जैहै?" ते म्हणाले. "हम ऊपर बाँसन में डारहैं. भटन में नईं. और उतार पै मेड़ बाँधहैं. तुम बताओ, कित्ती ऊँची?"

म्हणजे वरच्या बांबूच्या बेटात घालणार, वांग्यांत नाही, आणि उतारावर बांध. जिज्जींना उंची कुठली माहीत? पण त्या उठल्या. सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं नदीच्या बाजूला बांध घालायला लागलो. माती ओढायची, दाबायची, वर गवताची ठोंबं लावायची, म्हणजे पावसाचं पाणी थबकेल आणि माती मागं राहील. जिज्जी साडी खोचून फावडं चालवायच्या, दमल्या की मला म्हणायच्या, "तुमच्या गावाकडं असंच करतात ना? मग सांग ना, नुसता काय बघतोस." काम त्यांना जमत नव्हतं. कक्का त्यांची पाठ फिरली की त्यांनी घातलेली माती पुन्हा दाबून घ्यायचे. मी पाहिलं की बोट ओठावर ठेवायचे.

शेतातल्या मातीत आधीच मिसळलेलं होतं, ते तर निघणार नव्हतं. त्या हंगामाचे भटेही त्याच मातीतले. पहिला तोडा आला आणि खिडकीत गमछा दिसला. त्या रविवारी मी त्यांच्याकडं जेवायला होतो. भरली वांगी, दाण्याचं कूट, गूळ, आमच्याकडच्यासारखीच, फक्त वर थोडी बडीशेप. वास इतका चांगला की डोळे भरून यावेत. आणि माझा घास हातातच राहिला.

जिज्जींनी पाहिलं. "नको खाऊस. वरण आहे, ते घे."

"तुम्ही?"

"मी खाणार. ज्या शेतात मी घालायला लावलं, तिथलं मी खाणार नाही तर कोण? कक्काच्या घरची पोरं खाताहेतच ना?" त्यांनी वांगं देठाशी धरून पानात घेतलं, फोडलं आणि सावकाश खाल्लं. सगळं. मग देठ ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाल्या, "चव छान आहे. हेच तर वाईट."

मी वरण-भात खाल्ला. तो कसा लागला ते आठवत नाही.

पुढच्या थंडीत त्या निवृत्त झाल्या. मुलगा दिल्लीकडं नोकरीला, तिकडं घेऊन गेला. निरोपाला साहेबांनी मोठं कंबल दिलं, ते मऊमऊ, चमकणारं. जिज्जींनी सगळ्यांसमोर त्याच्या कडेचा धागा ओढला आणि साहेबांकडं पाहून म्हणाल्या, "माचिस?" साहेब हसून हसून लाल झाले. मीही हसलो. कंबल त्या घेऊन गेल्या. "थंडी तर वाजतेच ना रे," असं जाताना माझ्या कानाशी म्हणाल्या.

त्यांचा फोन येतो. उंच इमारतीत राहतात, अंगण नाही. तुळस कुंडीत आहे, एवढीशी. नळाला गाळायचं यंत्र आहे, त्यातलं गाळलेलं एका नळीतून मोरीत जातं. "बाळ म्हणतो, मम्मी, अब छोड़ो भी." मग आवाज बारीक होतो. "बांध टिकला का?"

या पावसात बांध एका बाजूनं खचला. मी जाऊन पाहिलं तेव्हा तिथून गढूळ पाण्याची एक वाट थेट नदीत उतरली होती. आकाश उघडलं तसं कक्का आणि मी पुन्हा माती ओढली. आता जिज्जींनी घातलेली माती दाबून घ्यायची नव्हती, तरी कक्कांनी सवयीनं एकदा मागं वळून पाहिलं. फोनवर मी जिज्जींना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "गवत लावलंस ना वर? लाव."

त्यांच्या जागी आलेले गृहस्थ चांगले आहेत, पण बाहेरचं काही घेत नाहीत. परवा पहिला तोडा झाला. खिडकीत गमछा होता. कक्कांना माहीत आहे, जिज्जी आता इथं नाहीत. तरी ठेवून गेले.

कुणी उचलेना तेव्हा मी उचलला. संध्याकाळी खोलीवर आलो, पांढरा सदरा खुंटीला लावला आणि भटे धुवायला घेतले. देठाशी चिकटलेली माती सुटली आणि पाण्याबरोबर मोरीच्या तोंडाकडं गेली. मी भांडं हातात धरून तसाच उभा राहिलो. गेलं कुठं, ते मला ठाऊक होतं. सकाळी पंप सुरू केला की ते आमच्याकडंच येणार होतं.

मग मसाला भरला, वांगी शिजत टाकली, आणि सगळी खाल्ली.